उन्हाच्या मुलखात ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव

नीरा डाव्या कालव्याच्या या बागायती पट्ट्यात उन्हाला तोटा नाही. तरीही कंबर व नडग्या ठणकतात, खाली बसल्यावर उठवत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व अनेकदा कमी आढळते. “सकाळचे कोवळे ऊन तर रोज घेतो,” असे नातेवाईक सांगतात. अडचण नेमकी तेथेच आहे. ज्या अतिनील किरणांमुळे हे जीवनसत्त्व त्वचेत तयार होते, ते सूर्य क्षितिजालगत असताना वातावरणातच बहुतांशी अडतात. साधारण अकरा ते दोनच्या उन्हात ते विपुल असतात. पण तेव्हा आपण छपराखाली, काचेआड किंवा उसाच्या फडात पाचटाच्या भीतीने अंगभर कपड्यांत असतो. सावळ्या त्वचेला वेळही अधिक लागतो.

या जीवनसत्त्वावाचून आहारातील कॅल्शियम आतड्यांतून पुरेसे शोषले जात नाही. परिणामी मुलांना मुडदूस होतो, प्रौढांची हाडे मऊ पडतात. आईच्या दुधातही ते अत्यल्प असते. म्हणून तान्ह्या बाळाला पहिले वर्षभर रोज ४०० एककांचे थेंब द्यावे लागतात; बाळ गुटगुटीत दिसते म्हणून ते थांबवू नयेत.

मोठ्यांना दिली जाणारी ६०,००० एककांची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा, तीही ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोज घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. चिठ्ठीवरील ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द घरच्यांनी रुग्णास वाचून दाखवावेत, ही आमची विनंती.