लक्ष्मणराव किर्लोस्कर : बेळगावचे दुकान ते किर्लोस्करवाडी

विद्यार्थी मित्रहो, आपल्या बेळगावात किर्लोस्कर रोड आहे. रस्त्याला हे नाव कोणावरून पडले, असे आम्ही वर्गांत विचारले, तेव्हा हात फारच थोडे वर आले. किर्लोस्कर म्हटले की पंप आठवतो. माणूस आठवत नाही. म्हणून या अंकाचा पाठ त्या माणसावर.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाला मात्र ओढ चित्रांची आणि यंत्रांची. वडिलांच्या मनात नसतानाही थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षांनी लक्षात आले, की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकाराच्या दृष्टीने याहून मोठा आघात कोणता?

इथे थोडे थांबू या. रंग गेले, पण रेषा शिल्लक होती. लक्ष्मणरावांनी यांत्रिक रेखांकनाचा अभ्यास केला आणि त्याच विषयाचे शिक्षक म्हणून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये लागले. फावला वेळ कार्यशाळेत जाई. पुढे त्यांचे सर्व यंत्रकाम उभे राहिले ते या रेखांकनावर. नांगराचा फाळ किती वाकवायचा, बोल्ट कुठे बसवायचा, हे आधी कागदावर ठरते.

नोकरीत असतानाच दोघा भावांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. १८८८ हे किर्लोस्कर समूह आपले स्थापनावर्ष मानतो. सायकल विकायची आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायची, असा तो व्यवहार. पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा आपल्याला डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिल्याचे पाहून लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते कायमचे बेळगावला आले.

दुकानाबरोबर छोटा कारखाना निघाला. जनावरांसाठी कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर. नांगराला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. ही गोष्ट सांगताना शेतकऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. आम्हाला ते पटत नाही. लाकडी नांगरालाही फाळ लोखंडाचाच असे, तेव्हा विषाची भीती खोटी खरी. पण ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर, त्याने नवी वस्तू चटकन घरात का घ्यावी? लक्ष्मणरावांनी त्या दोन वर्षांत नांगर बनवणे सोडले नाही, हे महत्त्वाचे. जमीन खोलवर उलथणारा नांगर एकदा शेजारच्या शेतात चाललेला दिसला, की मग भाषणाची गरज राहत नाही.

धंद्याला बस्तान मिळते तोच बेळगाव नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कर्ज दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली. जागा कसली, निवडुंगाचे रान आणि साप! १९१० मध्ये लक्ष्मणराव मोजक्या सहकाऱ्यांसह तिथे गेले आणि आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी वसली. पुढे स्टेशनचेही तेच नाव झाले. बेळगावने काय गमावले, याचा हिशेब विश्वस्त मंडळींनी मनातल्या मनात करावा!

‘स्वतःच्या बळावर मोठे झालेले उद्योगपती’ असे लक्ष्मणरावांबद्दल लिहितात. ते खरे आहे, पण रामूअण्णांचा आधार आणि औंधकरांचा विश्वास वगळून ते खरे नाही. लक्ष्मणरावांनी तसाच विश्वास पुढे इतरांवर टाकला. शिक्षण अर्धवट राहिलेल्या तरुणांना त्यांनी हाताशी धरले आणि त्यातून कसबी यंत्रज्ञ तयार झाले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. वाडीत अस्पृश्यता पाळायला त्यांनी बंदी केली. त्या काळी हे सोपे नव्हते; कामगार आणि त्यांची घरे एकाच वस्तीत, एकाच पाण्यावर होती. (याच औंध संस्थानात पुढे स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत झाली. ‘दो आँखें बारह हाथ’ चित्रपटामागे तीच कल्पना आहे.)

वाडीतून नांगरांखेरीज उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, हातपंप निघू लागले. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे छोटे पत्र काढले. त्यातूनच ‘किर्लोस्कर’ मासिक वाढले आणि पुढे ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही भावंडे आली. मराठी घराघरांत गेलेली ही मासिके नांगराच्या कारखान्यात जन्मली, हे आपल्या या छोट्या वार्तापत्राला धीर देणारे आहे. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रशास्त्र शिकून आले आणि त्यांनी १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना सुरू केला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आता पालक आणि विश्वस्तांना एक विनंती. एसएसएलसीच्या वर्षी आपल्याकडे चित्रकलेचा तास गणिताला जातो. निकालाची काळजी आम्हालाही आहे. पण गणितात मागे असलेल्या मुलाचा हात चित्रात चालत असेल, तर आपण त्याच्याकडची शिल्लकच काढून घेतो. आठवड्यातून एक तास, निदान भूमितीय रेखांकनाचा, ठेवता येईल का, याचा विचार येत्या पालकसभेत व्हावा.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी काम : ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांनी आजोबांना विचारून लाकडी आणि लोखंडी नांगराचे चित्र काढावे आणि भागांची नावे घरात जी बोलतात तीच लिहावीत, मराठी असोत वा कानडी. चांगली चित्रे पुढच्या अंकात छापू.