दहा स्क्रूंची खुर्ची

चाकणच्या कारखान्यांत गाडी कशी तयार होते, हे तुमच्यापैकी अनेकांनी वडिलांकडून किंवा काकांकडून ऐकले असेल. एक सुटा भाग भोसरीत बनतो, दुसरा पिंपरीत आणि शेवटी सर्व भाग एके ठिकाणी जोडले जातात. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एक खुर्चीही याच रीतीने बनत असे.

मिखाएल थोनेट हा मूळचा जर्मन सुतार. त्याचा कारखाना व्हिएन्ना शहरात होता. आरंभी तो लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसाने चिकटवून वाकवीत असे. पण अशी खुर्ची जहाजाने उष्ण व दमट देशांत गेली, की सरस सुटे आणि खुर्ची खिळखिळी होई. मग त्याने सरसच सोडून दिला. बीच नावाच्या झाडाचे अखंड लाकूड वाफेवर मऊ करून तो ते लोखंडी पट्टीच्या आधाराने वाकवू लागला. 1859 साली त्याची 14 क्रमांकाची खुर्ची आली. लाकडाचे फक्त 6 तुकडे, 10 स्क्रू आणि 2 नट! एक मीटर लांब, रुंद व उंच पेटीत 36 खुर्च्यांचे सुटे भाग मावत.

या घडणीच्या खुर्च्या मुंबईतही आल्या. मुंबई म्हणजे मूळची सात बेटे. तिथली हवा खारट आणि दमट. इराणातून आलेल्या लोकांनी तिथे रस्त्याच्या कोपऱ्यावरील इमारतींत हॉटेले उघडली. दोन बाजूंना दारे, उंच छत, भिंतींवर आरसे, संगमरवरी टेबले आणि भोवती या खुर्च्या. वेताच्या जाळीतून वारा खेळतो. चहा सांडला तरी खाली गळून जातो! धोबीतलावचे क्यानी 1904 सालचे, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया 1923 सालचे. आपल्या पुण्यातले गुडलक 1935 साली सुरू झाले.

आता अशी अनेक हॉटेले बंद पडली आहेत. त्यांच्या खुर्च्या जुन्या बाजारात जातात आणि तिथून श्रीमंतांच्या दिवाणखान्यात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातही थोनेटची खुर्ची आहे, पण तिथे ती नुसती पाहायची. मला विचाराल, तर तिचे उत्तम प्रदर्शन इराणी हॉटेलातच भरते. चहाचे पैसे दिले की हमालही तिच्यावर बसतो आणि वकीलही.

सगळ्याच खुर्च्या मात्र थोनेटच्या नसतात. 1869 साली त्याचा पेटंटचा हक्क संपला आणि इतर कारखानेही तशा खुर्च्या बनवू लागले. तेव्हा मुंबईला गेलात, तर मालकांची परवानगी घेऊन खुर्ची उलटी करा. बैठकीच्या कडेला आतून कारखान्याचा शिक्का किंवा कागदी चिठ्ठी सापडते का, ते पाहा.

शब्दार्थ : सरस – लाकूड चिकटवण्याचा डिंकासारखा पदार्थ, खिळखिळी – सांधे ढिले झालेली, अखंड – न जोडलेले, एकसंध.