नोट फाटली म्हणून मोल जात नाही



बेणेमळ्यांच्या पाहणीसाठी हिंडत असता एका वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हाला घरात बोलावले. म्हैस विकून आलेल्या पाचशेच्या नोटा त्यांनी धान्याच्या कोठीखाली ठेवल्या होत्या. त्यांना उदई लागली. "राजापेठेत एक जण अर्ध्या भावात घेतो म्हणते. देऊन टाकू का जी साहेब?" आम्ही म्हटले, "काकाजी, थांबा! आधी नोट म्हणजे काय ते समजून घ्या."

नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो. म्हणून तो घड्या सोसतो. पण उसाच्या कांडीप्रमाणे उदईचे ते खाद्यच! हा कागद १९६८ पासून नर्मदाकाठच्या होशंगाबादला (आताचे नर्मदापुरम) बनू लागला. नोटांची छपाई आपल्या नाशिकला १९२८ पासून होते. त्याआधी नोटा इंग्लंडहून छापून येत.

पण मोल कागदाचे नसते. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचे वचन व सही असते, मोल त्या वचनाचे. ८ नोव्हेंबर २०१६ ला जुन्या पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा कोऱ्या करकरीत नोटाही चलनातून गेल्या. उलट, वचन कायम असेल तर फाटकी नोटही चालते. काट्याची पावती फाटली म्हणून तोललेला ऊस कमी होतो का? मात्र पावतीचा पुरेसा भाग दाखवावा लागतो. नोटेचेही तसेच.

नियम ध्यानात ठेवा :

१) पन्नास रुपये व त्यावरील नोट : सर्वांत मोठा एकसंध तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असल्यास पूर्ण रक्कम, ४० ते ८० टक्के असल्यास निम्मी, त्याखाली काही नाही.

२) वीस रुपयांपर्यंतची नोट : निम्म्याहून मोठा तुकडा असल्यास पूर्ण रक्कम.

३) फाटक्या नोटा बँकेच्या शाखेत बदलून मिळतात. फार जळालेल्या किंवा चिकटलेल्या असल्यास नागपूरला रिझर्व्ह बँकेत न्याव्यात.

४) वेगवेगळ्या नोटांचे तुकडे जोडू नयेत. दावा नाकारला जातो.

काकाजींनी नोटा बँकेत नेल्या. बहुतेकांचे पूर्ण पैसे आले, काहींचे निम्मे. दोन वाया गेल्या. दलालाला दिल्या असत्या तर सगळ्याच निम्म्यावर गेल्या असत्या.

तेव्हा बंधूंनो, फाटक्या नोटेला बट्टा देऊ नका. आणि पैसा कोठीखाली नको, खात्यात ठेवा. कांडीची उदई आम्ही बघतो, नोटांची तुम्ही बघा!

— ऊस विकास अधिकारी