गोल चावी : पुली घट्ट बसवण्याचा सोपा उपाय



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी यांवर लिहावे, यंत्राच्या चावीवर कशाला, असे कोणी म्हणेल. पण गळीत हंगाम सुरू झाला की प्रवरा-मुळेच्या पाटपाण्याखालच्या आपल्या भागात वाढ्यांचे भारे घरोघर येतात आणि कुट्टी मशीन सकाळ-संध्याकाळ चालते. गटात फिरताना एका वस्तीवर पाहिले, पुली ढिली झाली म्हणून चावीच्या जागी चक्क खिळा ठोकला होता. मी हटकले तर म्हणाले, "साहेब, दोन महिने झाले, काही होत नाही." पुढच्याच महिन्यात खिळा तुटला आणि पुली निसटून अंगणात जाऊन पडली. पोरगं तेवढ्यात भारा आणायला गेलं होतं म्हणून वाचलं.

कुट्टीचे यंत्र आपल्याला नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. तेव्हापासून यंत्र मराठी शेतकऱ्याच्या दारात आहे. चावीकडे मात्र आपण अजून लक्ष देत नाही.

चावीचे काम काय? बैलगाडीचा आस जागेवर राहतो आणि चाक त्यावर फिरते. पुलीचे तसे नाही. शाफ्ट आणि पुली दोघांनी मिळून फिरायचे असते. या दोघांना एकजीव करते ती चावी. नेहमीची चावी चौकोनी असते व तिच्यासाठी शाफ्टात आणि पुलीत खाच पाडावी लागते. खाचेला कोपरे असतात आणि चीर जायला सुरुवात बहुधा कोपऱ्यातूनच होते. शिवाय खाच पाडायचे यंत्र प्रत्येक गावात नसते.

गोल चावी म्हणजे गोल पिन. पुली शाफ्टाच्या टोकाला बसवायची आणि दोघांच्या सांध्यावर, शाफ्टाला समांतर भोक पाडायचे. निम्मे भोक शाफ्टात, निम्मे पुलीत. त्यात पिन ठोकली की काम झाले. ड्रिल आणि रीमर असलेल्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये हे होते.

आता भार पाहू. ३ अश्वशक्तीची मोटर १४४० फेऱ्यांनी चालते. तिचा शाफ्ट २५ मिलिमीटरचा धरला तर चावीवर सुमारे १२० किलोचा रेटा येतो. मोटरची पुली ३ इंची आणि मशीनची १५ इंची असेल, तर मशीनचा शाफ्ट २८८ फेरेच फिरतो. तोही २५ मिलिमीटरचा असेल तर तिथल्या चावीवर ६०० किलो, म्हणजे सहा क्विंटल रेटा येतो. फेरे पाचपट कमी, तर भार पाचपट जास्त. मशीन सुरू होताना किंवा वाढे अडकल्यावर तो आणखी वाढतो. खिळा का टिकत नाही ते यावरून कळेल.

काम करून घेताना हे पाहावे :

१) आधी वीज बंद करून कटआऊट काढावा, मग पट्टा उतरवावा.

२) पुलीचे भोकच झिजून पुली डुलत असेल तर कोणतीही चावी उपयोगी नाही. बुश बसवावा किंवा पुली बदलावी.

३) जुनी खाच खराब असेल तर तिच्यापासून पाव फेरा दूर नवी जागा घ्यावी.

४) पिनची जाडी शाफ्टाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकी ठेवावी. २५ मिलिमीटरच्या शाफ्टाला ४ ते ५ मिलिमीटरची पिन चालते. लांबी शाफ्टाच्या जाडीपेक्षा थोडी जास्त असावी.

५) पुली बहुधा बिडाची आणि शाफ्ट पोलादाचा असतो. ड्रिल मऊ बाजूला, म्हणजे बिडाकडे सरकते. म्हणून दोन्ही घट्ट आवळून, आखूड ड्रिलने, आधी बारीक भोक पाडून सावकाश मोठे करावे. शेवटी रीमर फिरवावा.

६) निमुळती पिन अधिक घट्ट बसते, मात्र रीमरही त्याच उताराचा हवा. पुढे काढणे सोपे जावे असे वाटत असेल तर भोकात आटे पाडून बिनडोक्याचा स्क्रू बसवावा.

७) भोक दोघांत मिळून पडलेले असते. ती पुली दुसऱ्या शाफ्टाला जुळणार नाही. दोन्हीवर खूण करून ठेवावी.

आता महत्त्वाचे. गोल चावी हलक्या कामासाठी आहे : लहान पुली, हँडल, छोटा गिअर. शाफ्टाच्या मधोमध बसणाऱ्या पुलीला ती चालत नाही. कुट्टी मशीनच्या पात्यांचे जड चाक, मळणी यंत्राचा ड्रम, अशा धक्का खाणाऱ्या भागांना चौकोनी चावीच हवी. मशीनची मोठी पुली असेल तर आधी फिटरला अश्वशक्ती आणि फेरे सांगावेत, मग ठरवावे. खर्च थोडा वाढला तरी चालेल. तुटलेली चावी नवी मिळते, तुटलेला हात मिळत नाही.

पट्ट्यावर आणि चाकावर जाळी बसवावी, लहान मुलांना मशीनजवळ येऊ देऊ नये. आणि आज घरी गेल्यावर वीज बंद करून आपली पुली एकदा हाताने हलवून पाहावी, ही विनंती.