जांभळाचा रंग

ज्येष्ठ महिना लागला की कोकणात व घाटमाथ्यावर जांभळे पिकू लागतात. मुले ती पोटभर खातात आणि मग एकमेकांना जीभ दाखवून हसतात. जांभळाने जीभ रंगते व तोंड तुरट होते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु हा रंग आणि ही तुरट चव फळात कशासाठी आली, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

या दोन्ही गुणांचे मूळ एकाच कुळातील द्रव्यांत आहे. शास्त्रज्ञ त्यांना पॉलिफेनॉल म्हणतात. वनस्पती ही द्रव्ये स्वतःसाठीच तयार करते. ऊन, कीड व बुरशी यांपासून पळून जाणे झाडाला शक्य नसते. म्हणून पाने, साल व फळे यांत ती साठवून ते आपले रक्षण करते. कच्च्या फळातील टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, त्यामुळे तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते. बी तयार होण्यापूर्वी ते फळ खाण्यास पशुपक्षी सहसा धजत नाहीत. फळ पिकले की तुरटपणा कमी होतो, गोडी वाढते व अँथोसायनिन नावाचे पॉलिफेनॉल त्याला रंग चढवते. हा रंग म्हणजे पाखरांना धाडलेले आमंत्रणच होय! पाखरे फळ खातात आणि बी दूरवर नेऊन टाकतात. जांभूळ, करवंद, स्ट्रॉबेरी या सर्वांची शोभा याच द्रव्यामुळे आहे.

निळे कॉर्नफ्लॉवर व तांबडा गुलाब यांचे रंगद्रव्य एकच आहे, असे रिशार्ट विलश्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील संशोधनाबद्दल त्यांना १९१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एकच द्रव्य निरनिराळे रंग कसे धारण करते, हे घरीही पाहता येते. जांभळाच्या रसात लिंबू पिळले की तो तांबूस होतो. खाण्याचा सोडा घातला की निळसर किंवा हिरवट दिसू लागतो.

या द्रव्यांचा मनुष्याला काय उपयोग? १९३६ साली हंगेरीतील अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी व त्यांचे सहकारी यांना वाटले की, लिंबातील अशा द्रव्यांनी सूक्ष्म रक्तवाहिन्या बळकट होतात. त्यांनी त्यांना ‘पी जीवनसत्त्व’ असे नाव दिले. परंतु जीवनसत्त्व न मिळाल्यास विशिष्ट रोग जडतो. या द्रव्यांच्या बाबतीत तसे सिद्ध झाले नाही. अखेर ते नाव सोडून द्यावे लागले.

पुढे परीक्षानळीत ही द्रव्ये इतर पदार्थांना ऑक्सिजनमुळे होणाऱ्या हानीपासून वाचवितात, असे आढळले. कोणत्या फळात ही शक्ती किती, याची यादी अमेरिकेच्या शेती खात्याने प्रसिद्ध केली. व्यापारी त्या आकड्यांची जाहिरात करू लागले. परंतु परीक्षानळी म्हणजे शरीर नव्हे. खाल्लेल्या पॉलिफेनॉलांचा थोडाच भाग जसाच्या तसा रक्तात पोचतो. पुष्कळसा भाग आतड्यातील सूक्ष्म जंतूंकडून बदलला जातो. त्या आकड्यांचा गैरवापर होत आहे, हे पाहून खात्याने २०१२ साली ती यादी मागे घेतली. स्वतःची चूक दुरुस्त करण्यात शास्त्र कमीपणा मानीत नाही.

मग फळे खाण्यात लाभ नाही काय? आहे. भरपूर फळे व भाज्या खाणाऱ्या लोकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळते. त्याचे श्रेय एकट्या पॉलिफेनॉलांना देता येत नाही. फळांतील तंतू, जीवनसत्त्वे व क्षार यांचाही त्यात वाटा आहे. म्हणून अर्काच्या गोळ्यांपेक्षा ताजे फळच बरे. मधुमेहावर जांभळाच्या बियांचे चूर्ण देण्याची जुनी रीत आपल्याकडे आहे. पण त्या चूर्णावर विसंबून डॉक्टरांनी दिलेले औषध सोडणारा रोगी आपला जीव धोक्यात घालतो.

जांभूळ आवडीने खावे, त्याचा रंग कौतुकाने पाहावा. मात्र त्याच्याविषयी जे सांगितले जाते, ते पारखूनच खरे मानावे.