कारखान्यांतील परिचारिका

रोग्याची नाडी पाहतांना वैद्यानें त्याचा धंदाही विचारावा, असें बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्यानें १७०० सालच्या आपल्या ग्रंथांत सांगितलें. प्रश्न साधा दिसतो. परंतु परिचर्येची एक संबंध शाखा त्यावर उभी आहे. परिचारिका होऊं इच्छिणाऱ्या आमच्या विद्यार्थिनी रुग्णालयाचेंच चित्र डोळ्यांपुढें आणितात, म्हणून हें लिहीत आहें.

इंग्लंडांत नॉर्विच येथील कोलमन यांच्या मोहरीच्या कारखान्यांत १८७८ सालीं फिलिप्पा फ्लॉवरडे ही परिचारिका नेमली गेली. आजारी कामकऱ्यांच्या घरीं जाऊन ती त्यांची विचारपूस करी. पुढें १९६५ सालीं अमेरिकेंत कोलोरॅडो विद्यापीठांत लॉरेटा फोर्ड व डॉ. हेन्री सिल्व्हर यांनीं परिचारिकांकरितां वरच्या दर्जाचें शिक्षण सुरू केलें. त्यांतून 'नर्स प्रॅक्टिशनर' निर्माण झाली. ती रोग्यास स्वतः तपासते, निदान करते व औषधही लिहून देते. कारखान्यांत काम करावयाचें तर तिला शरीराबरोबर यंत्रेंही ओळखावीं लागतात.

समजा, सूतगिरणींतील एक कामकरी छाती आवळते म्हणून आला. दुसरा कोणी खोकल्याचें औषध देऊन त्यास वाटेस लावील. ही विचारील, "कोणत्या वारीं?" रविवारच्या सुटीनंतर सोमवारीं त्रास होतो व मंगळवारीं उतरतो, असें उत्तर आलें, तर कापसाच्या धुळीनें होणाऱ्या बिसिनोसिसचा तिला संशय येतो. मुंबईच्या गिरण्यांतही हा रोग आढळला होता. आरंभीं फक्त सोमवारीं होणारा त्रास पुढें सर्व वारीं होऊं लागतो. म्हणून विचारावयाचें तें आरंभींच.

गोंगाटानें येणारें बहिरेपण तर याहून फसवें. सेकंदास सुमारें ४००० कंपनांचे उंच स्वर प्रथम जातात. बोलणें बहुतेक ऐकूं येत असतें, त्यामुळें मनुष्य निर्धास्त राहतो. आणि गेलेली श्रवणशक्ति परत येत नाहीं.

परंतु खरी अडचण निराळीच आहे. कामकरी खरें सांगण्यास भितो. दुखणें उघड झालें तर काम जाईल आणि घरीं चूल पेटणार नाहीं, ही त्याची भीति खोटी म्हणतां येत नाहीं. इकडे परिचारिकेस वेतन देतो तो मालक! यास्तव मालकास तिनें, अमुक मनुष्य या कामास योग्य आहे किंवा त्यास धुळीपासून दूर ठेवावें, एवढेंच कळवावयाचें असतें. कायद्यानें कळविणें भाग असेल तेवढें वगळतां रोगाचें नांव तिच्यापाशींच राहतें. धुळीविषयीं मात्र तिनें मालकापाशीं मुळींच मौन धरूं नये. एकास औषध देऊन दुसऱ्यास त्याच धुळींत उभें करणें, ही कसली परिचर्या?