योग्य दार कसे शोधावे?

सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजारात गठ्ठा पोचविणारा हमाल चिठ्ठीवरील पेढीचे नाव वाचतो, फलकावर तिच्या दुकानाचा क्रमांक पाहतो आणि मगच त्या दाराशी जातो. संगणकातील आज्ञावलीची रीतही अशीच आहे, ती आपण पाहू.

लिनक्स प्रणालीत एका संगणकाच्या पोटी दुसरा आभासी संगणक चालविता येतो, व एखादे ग्राफिक्स कार्ड थेट त्याच्या स्वाधीन करता येते. याकरिता २०१२ साली ३.६ या आवृत्तीत 'व्हीएफआयओ' ही व्यवस्था आली. कार्डाचा पत्ता '००००:०१:००.०' असा असतो. उघडावयाच्या दारावर मात्र २६ असा नुसता क्रमांक. दोहोंचा मेळ 'सिस' या निर्देशिकेत मिळतो. तेथे कार्डाच्या नोंदीतील 'आयओएमएमयू-ग्रुप' हा दुवा ज्या गटाकडे नेतो, त्याचाच क्रमांक दारावर असतो.

हा क्रमांक पाठ करून ठेवू नये. नवे कार्ड बसविल्यास क्रमांकच काय, पत्ताही बदलू शकतो. शिवाय दार साऱ्या गटाचे असते. डिस्कचा नियंत्रक त्याच गटात असेल, तर तोही मूळ संगणकाला सोडावा लागतो. चालू प्रणाली त्याच डिस्कवर असल्यास ती कोसळेल.

२०२३ च्या ६.६ आवृत्तीपासून प्रत्येक उपकरणास स्वतंत्र दारही मिळू लागले. त्याचे नाव त्या उपकरणाच्याच नोंदीत, 'व्हीएफआयओ-डेव्ह' येथे सापडते. तात्पर्य, दार उघडण्यापूर्वी दर वेळी फलक वाचावा.